तक्त्यातला त्रिकोण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील साहेब मंडळी, माझे सहकारी, आणि मागे दाराशीच उभे राहिलेले आपले तलाठी उदेसिंगभाऊ,

हार घालून उभं राहायचं म्हटलं तरी आता पाय कुरकुरतात, म्हणून थोडक्यात बोलतो. एकतीस वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर ढकलले. खरंच थकलो.

अध्यक्षांनी आत्ता माझ्या तक्त्याचं कौतुक केलं. तो त्यांच्या खुर्चीमागे टांगलेला आहे. चौसष्ट साली धुळ्याच्या प्रशिक्षणात आम्हा कारकुनांना शिकवलं, एखाद्या अर्जाचा प्रवास चित्रात काढा. काम झालं तिथे गोल, कागद हलला तिथे बाण, पडून राहिला तिथे त्रिकोण. मी बुधीबाईचा अर्ज निवडला. नवरा वारलेला, जमिनीला तिचं नाव लावायचं होतं. दर बाजाराला ती डोंगरातून उतरायची, कचेरीच्या ओट्यावर बसायची नि विचारायची, "दादा, मन्हा कागद कोठे शे?" मी सांगायचो, "तलाठ्याकडे."

तक्ता काढताना माझाच खण उघडला. तलाठ्याने चौकशी करावी असं पत्र लिहून ठेवलेलं, पण पाठवलंच नव्हतं! सात महिने! आता त्रिकोण कुठे काढायला हवा होता? मी काय केलं? जुन्या तारखेनिशी पत्र गुपचूप रवाना केलं आणि त्रिकोण तलाठ्याच्या नावाखाली काढला. तक्ता सुरेख झाला. मला शाबासकी मिळाली, उदेसिंगभाऊंच्या सेवापुस्तकात शेरा पडला. त्यांची बढती गेली.

ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, "गिरधरभाऊ, तो कागद सात महिने मन्हाकडे उनाच नही. तुम्ही साहेबले सांगा ना." मी पाण्याचा पेला पुढे केला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! बुधीबाईचं नाव शेवटी लागलं, पण तोवर एक पेरणी हुकली होती.

तीन वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून बसलो. लाज वाटते सांगायला. आज सकाळी शिपाई जामसिंगकडून तक्त्यावरची काच काढून घेतली. साहेब, जरा मागे वळून बघा. तलाठ्याखालचा त्रिकोण खोडला आहे, माझ्या टेबलाशी काढला आहे, खाली माझी सही आहे. तो शेरा रद्द करावा म्हणून माझा कबुलीचा अर्ज हा आपल्यापुढे ठेवतो. पेन्शनीचं व्हायचं ते होवो, हा कागद तेवढा पडून राहू देऊ नका.

शाल-नारळ दिलात, मी आपला ऋणी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. तो त्रिकोण पोटात घालायचा की नाही, हे मात्र सभेने ठरवायचं नाही. उदेसिंगभाऊ, ते तुम्ही ठरवा.