बिरुदेवची आई कोण

— न्हाय वो वकीलबाई, सही करत न्हाय म्हणलं का मी? जरा दम धरा की. तव्यावर भाकरी हाय, करपली तर नवी पेठेतला दुकानदार घेत न्हाय. बसा तितं, पोत्यावर बसा. तुमी परत नका सांगू, मीच सांगते, चुकलं तर बोला. माझा बिरुदेव परदेशात, त्यांच्या कोठडीत मेला. मेला का मारला, ते त्या मानवी हक्काच्या मोठ्या कोर्टानं इचारायचं. पर त्यांचं सरकार म्हणतंय, खटला ऐकूच नका, दारातनंच माघारी लावा — ही बाई मेलेल्याची कुणीच न्हाय. व्हय ना? कुणीच न्हाय!

आवो, माझ्या धाकल्या जावंनं, सोजरबाईनं, बारशादिवशी सगळ्या भावकीम्होरं माझ्या ओटीत घातला की त्याला. मला मूलबाळ न्हवतं. दत्तकाचा कागद? सख्ख्या दिरापाशी कागद मागायचा म्हंजे पोर इकत घेतल्यागत — आमच्यात कोण मागतंय? जन्माच्या दाखल्यावर तिचं नाव राहिलं, राहू दे म्हणलं. पोरगं मला आई म्हणायचं, तिला काकू. आजून काय पायजे हुतं?

आन् बघा, खबर गेली ती दुधनीला, तिच्या घरी. पासपोर्टावर तीच आई. समदं गणगोत तिकडं भेटायला गेलं, तिच्याजवळ बसून रडलं. माझ्या दाराला कोण आलं? कोण न्हाय. तुमी आलात. त्याचं नाव घेतलंत, कसा हुता इचारलंत. खरं सांगू? राग मानू नका — सही आज करते, उद्या करते म्हणून लांबवली ती त्यापायीच. ह्या सहीनं मी बाजूला झाले, खटला तिच्या नावावर गेला, की तुमी बी दुधनीलाच जाणार. मग हितं त्याचं नाव कोण काढणार?

पर काल मीच फोन लावला तिला. म्हणलं, सोजर, तू आई म्हणून उभी ऱ्हा. लई रडली. म्हणली, अक्का, मला त्यानं एकदा बी आई म्हणलं न्हाय वो.

आना तो कागद. काय लिवलंय? मी मयताची आई न्हाय — आसंच लिवलंय? बरं, बरं, मोठ्यानं वाचू नका. कुटं करायची? हितं?

घ्या. कोर्टाची मुदत संपाय आलीया म्हणत हुता ना, मग आजच गाठा तिला. आन् आसं माझ्याकडं बघत उभ्या राहू नका, बाई. जावा.