शिकारीच्या दिवशी सकाळ कधी होते

(उत्तर विस्कॉन्सिनमधलं एक छोटं ऑफिस. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतीला बायका पाठवायचा इथला व्यवसाय. मालकीण लॅव्हर्न, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पगाराचे आणि बिलाचे दर भरणारी तिची सून करिसा.)

लॅव्हर्न : नाताळ टाकलास, ईस्टर टाकलास. आणि शिकारीचा पहिला शनिवार?

करिसा : आई, ती काय सरकारी सुट्टी आहे?

लॅव्हर्न : शिकागोची ती शिकागोचीच राहिलीस! अगं, त्या दिवशी अख्खं गाव हरणांच्या मागे जंगलात असतं. दीडपट पगार दिल्याशिवाय कामाला कुत्रं फिरकत नाही.

करिसा : बरं बाई, टाकला. दीडपट. अरे देवा!

लॅव्हर्न : आता काय झालं?

करिसा : वॉल्टरआजोबांचं बिल बघा, केवढं फुगलं. पगार वाढवला तसं बिलही वाढलं. वर पहाटे चारची पाळी, म्हणून रात्रीचा दर वेगळा. पण चारला कशाला? रोज तर आठला उठतात ते.

लॅव्हर्न : त्या दिवशी नाही. जन्मभर तो उजाडायच्या आत जंगलात असायचा. आता पाय गेले. तरी शिकारीचा नारिंगी कोट घालून अंधारातच खिडकीशी बसायचं असतं त्याला. हे बिल पाहिलं तर म्हणेल, नको कुणी. आणि पडून राहील अंथरुणात. मला नाही ते बघवत.

करिसा : मग पगार वाढीव आणि बिल नेहमीचं? फरक आपल्या खिशातून?

लॅव्हर्न : एका दिवसाने काही मरत नाही आपण.

करिसा : हे सॉफ्टवेअर लाल होऊन ओरडतंय, तोटा होतोय म्हणून.

लॅव्हर्न : ओरडू दे. तुझा सासराही ओरडायचा. आणि बिलातली रात्र काढून टाक. सांग तुझ्या सॉफ्टवेअरला, त्या दिवशी सकाळ चारला होते.

करिसा : सांगितलं. मुकाट्यानं ऐकलं की! पण जाणार कोण? तुमचा गुडघा हा असा.

लॅव्हर्न : आपल्या कामावरच्या डार्लाला फोन लाव. स्पीकरवर, दोघींना ऐकू येईल असा.

डार्ला : बाई, शनिवारचं विचारत असाल तर नाही जमायचं. मी दरवर्षी बाबांबरोबर शिकारीला जाते, ठाऊक आहे तुम्हाला.

लॅव्हर्न : ठाऊक आहे गं. पण वॉल्टरला चारला उठवायचंय. दीडपट देते, वर रात्रीचे वेगळे.

डार्ला : म्हणजे अजून बसतो तो खिडकीशी?

लॅव्हर्न : कुणी उठवलं तर बसतो.

डार्ला : थांबा, बाबांना विचारते. ते रागावतील बघा.

करिसा : आई, नाही म्हणाली तर मी जाईन. दाखवा मला, कसं उठवायचं ते.

डार्ला : बाई, आहात ना? बाबा म्हणतायत, मलाही तिथं घेऊन चल. मचाणावर चढवत नाही म्हणे त्यांना आता. गेल्या वर्षीपासूनच. मला आत्ता सांगतायत.

लॅव्हर्न : मग आण की त्यांना.

डार्ला : खिडकी केवढी आहे हो वॉल्टरची?

लॅव्हर्न : दोघांना पुरेल.