काडी तिच्या दंडात, कार्ड माझ्या नावावर

नाही, पण माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! सकाळी सातपासून सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोण उभं होतं? मी! बायको घरी जुळ्यांना भरवत होती... म्हणजे एकाला भरवायचं, दुसऱ्याच्या तोंडातून चप्पल काढायची. तुम्हाला सांगतो, थोरली आमची ठरवून झाली, हे दोघे गोळ्या विसरून. तेव्हाच खाजगीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या तुम्हाला जमायच्या नाहीत. दंडात काडी बसवून घ्या, तीन वर्षं निर्धास्त." आगपेटीतली नाही हो, औषधाची, कातडीखाली बसते. किंमत ऐकली आणि आम्ही तिथलं नुसतं पाणी पिऊन घरी आलो.

आणि मध्यंतरी कळलं, सरकारने त्यासाठी पैसे मंजूर केलेत, काडी फुकट! मी जिन्यातच शेजारच्या काकांना मिठी मारली. ते म्हणाले, "पुन्हा गोड बातमी का रे?" म्हटलं, काका, ती आता नाही, हीच गोड बातमी!

बायकोला सोमवारपासून जुन्या शाळेत परत नोकरी मिळालेली. ती म्हणाली, "पुन्हा दिवस गेले तर ही नोकरीही गेली. शिबिर आजच्या दिवस आहे, वीस जणींनाच. नंबर लाव, डोकं चालवू नकोस." नाहीच चालवलं! पण मी पोस्टात खिडकीवर बसतो ना, बारा वर्षं ओरडून सांगतोय, अर्जदार म्हणजे जो अर्ज घेऊन समोर उभा आहे तो. मग फॉर्मवर 'अर्जदाराचं नाव' म्हटल्यावर मी कोणाचं लिहिणार? माझंच. वय माझं. 'आधीची बाळंतपणं'... तिथे जरा थबकलो, पण दोन लिहिलं, दोन्ही वेळा बाहेर बाकावर मीच तर बसलो होतो. यात माझं काय चुकलं?

दहाला बायको आली, दोन्ही कडांवर दोघं जुळी. तेवढ्यात पुकारा झाला, मी आत गेलो. सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "बाही वर करा." मी केली! खिडकीतून हुकूम आला की पाळायचा, ही सरकारी सवय हो... मग त्यांनी कागद बघितला, माझी मिशी बघितली. "तुम्हाला बसवायचीय?" खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, "खाडाखोड चालत नाही. नवे फॉर्म संपले." अहो, शब्दन् शब्द माझा! रोज मी लोकांना हेच ऐकवतो, त्या दिवशी मला कळलं ते कसं लागतं. बायको दारात उभी, दोन्ही पोरं सावरत. मला रडूच यायचं बाकी होतं. म्हटलं, "साहेब, चूक माझी, तिला का परत पाठवता?"

मोठ्या डॉक्टर आल्या. फॉर्म वाचला आणि हसत हसत स्टुलावर बसल्या. "अहो, काडी बाईंना बसवायची आहे की फॉर्मला? ताई, तुमची इच्छा आहे ना?" बायको "हो" म्हणाली... इतक्या जोरात की दोन्ही जुळी एकदम गप्प झाली. पाच मिनिटांत काम झालं. दंडाला पट्टी, आणि हसत बाहेर आली. तीन वर्षांत अशी मोकळी हसलेली पाहिली नव्हती तिला मी. खूप बरं वाटलं.

फक्त त्या फॉर्मवरून बनवलेलं तपासणीचं कार्ड माझ्याच नावावर राहिलं. खाडाखोड चालत नाही ना. दर महिन्याला ऐन गर्दीत पोस्टात सिस्टरचा फोन येतो, "चक्कर, मळमळ काही?" अख्खी रांग कान देऊन ऐकते. मी म्हणतो, "नाही सिस्टर, तब्येत छान आहे." काय करणार? सरकारदरबारी शिक्का बसलाय, पुढची तीन वर्षं मला काही दिवस जात नाहीत.