खांद्यावरचे पांढरे केस

घोड्यांच्या प्रदर्शनात रिंगणाबाहेरच्या रांगेत माझ्यापुढे एक बाप-लेक आपली काळी घोडी घेऊन उभे होते. घोडीचे पांढरे पाय उठून दिसावेत म्हणून लेक त्यांना खडूची पूड चोळत होती.

“पाय झाले, बाबा. आता खांदा.”

“खांद्याला हा काळा रंग लाव. जखमेवर उगवलेले पांढरे केस आहेत ते, जन्माचे नाहीत.”

“म्हणून काय झालं? तिथेही पूडच लावणार.”

“अगं, परीक्षकांची नजर आधी तिथेच जाईल.”

“जाऊ दे की.”

“विचारतील, हे कशानं झालं म्हणून.”

“सांगेन. तबेला पेटला तेव्हा हिच्या मानेला लोंबकळत मी बाहेर आले. जळता वासा हिच्या खांद्यावर पडला, तरी ही थांबली नाही.”

“हातातोंडाशी आलेला पहिला नंबर जाईल, पोरी.”

“गेला तर गेला. हिचा खांदा लपवून मिळणारा नंबर मला नकोच.”

“हट्टी ती हट्टीच. अगदी आईवर गेलीस.”

“बाबा, रंगाची डबी बंद करा. आपल्याला आत बोलावतायत.”

“थांब जरा. खांद्यावर खालच्या बाजूला पूड नीट बसली नाहीये. आण इकडे, मी लावतो.”