शेवटचं कोण?

नाही, दाढेचं सोडा हो, ती काय आज ना उद्या निघेल... पण माणसाला डोळे दिलेत ते दुसऱ्याकडेच बघायला का? तुम्हाला सांगतो, आमच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर-बिंबर काही नाही. आत शिरायचं, विचारायचं "शेवटचं कोण?", जो हात वर करेल त्याच्या मागे आपण. बायकोनं बजावलेलं, "आज दाढ काढल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही! रात्रभर कण्हता, माझा डोळ्याला डोळा लागत नाही." गाल हा एवढा सुजलेला. गेलो. पुढे एकच जण! म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात एक आजोबा. "फेवटचं कोण?" मी हात वर केला. आता गप्प बसावं ना? पण दिसतं हो मला... त्यांचा तोंडावरचा हात निघेचना. मोडकी कवळी रुमालात. म्हणाले, "घरी ही आहे. हिनं मला अफं कधी पाहिलं नाय." झालं! म्हटलं, व्हा पुढे. म्हणजे शेवटचं कोण? मीच!

मग एक पोरगी. उद्या नोकरीची मुलाखत, पुढच्या दाताचा टवका उडालेला, आणि बया खिडकीच्या काचेत बघून तोंड मिटून हसायची तालीम करतेय! बघवतं का? जा बाई. मग कपाटाएवढा एक गडी, हातातल्या किल्ल्या नुसत्या खुळखुळताहेत. "तुम्ही जा ना काका, मला घाई नाही." घाई नाही! अजून थोडा बसला असता तर पळालाच असता. म्हटलं, दादा, मला तर मुळीच घाई नाही, जा! आतून तो असा ओरडला, की पाणी माझ्या डोळ्यांत. शेवटचं कोण? मीच!

आणि एकानं... एकानं तरी माझ्या गालाकडे बघावं? पोरगी जाताना माझ्या पायावर पाय देऊन गेली. हसत!

आणि ती काउंटरवरची. टेबलाखाली चप्पल काढलेली, टाच सोललेली, तरी येईल त्याला गोड आवाजात "बसा हं". वाईट वाटत होतं मला तिचं! आतून डॉक्टर ओरडले, "शेवटचं कोण?" मी उठलो. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं, या गालासकट... आणि म्हणाली, "कोणी नाही, सर!" डॉक्टर मागच्या दारानं पसार. मग मला म्हणते, "काका, सगळ्यांना आत पाठवत होतात, मला वाटलं तुम्ही कुणाबरोबर आलायत. तुमचं माणूस केव्हाच गेलं वाटतं?"

इतका संताप झाला, इतकं एकटं वाटलं, काय सांगू! भांडायला तोंड उघडायला गेलो, तर सुजेनं उघडेचना. बाहेर आलो. बघतो तर ती काउंटरवरची एका पायावर शटर ओढतेय, ते हलेना. ओढून दिलं. काय करणार, दिसलं ना!

तर वर म्हणते, "काका, तुमच्या पेशंटची काळजी घ्या हं."

मान हलवली. म्हटलं, घेतो.