दारातला डोंगर

बदलापूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेला पोरगा बापावर असा खेकसत होता, जणू बाप त्याच्याकडे नोकरीलाच आहे.

“बाबा, मोबाईलवर अख्खं बारवी धरण दिसतंय, डोंगरसुद्धा उभे. बघा, आपलं बुडालेलं गाव कुठं होतं?”

“वरून कसं ओळखू? मी काय घार आहे? खाली आण.”

“आणलं. नुसतं पाणी आहे.”

“अजून खाली, माणूस उभा राहतो तिथवर. आता फिरव.”

“बाबा, नंबर येईल आपला.”

“थांब कमलेश. हाच डोंगर. आपल्या दारातनं असाच दिसायचा. तुझी आई याच्याकडं बघत तांदूळ निवडायची.”

“झालं ना? बंद करतो.”

मला राहवलं नाही.

“बंद करू नकोस रे. बाप आत्ता कुठं घरी पोचलाय, घडीभर बसू दे त्याला.”