केबल चांगली आहे, सर

लॅबबाहेर एक मुलगी मैत्रिणीसाठी ताटकळत होती. नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल देऊन मैत्रीण धावतच बाहेर आली, तशी स्टुलावरच्या शिपाईकाकांनी कान टवकारले.

“अगं, परीक्षक म्हणाले, तू बनवलेली केबलच खराब, शून्य मार्क!”

“मग? रडलीस?”

“छे, मी बोलले! म्हटलं, सर, केबल चांगली आहे, स्विचचा हा पोर्ट बंद आहे. शेजारच्यात लावून बघा.”

“तू? वर्गात दोन वाक्यांत बोबडी वळते तुझी!”

“सरांनी लावली, आणि पोर्टवरचा दिवा लागला गं!”

“पण उद्या संभाषण कौशल्याचं भाषण आहे, त्याचं काय?”

“त्या विषयाच्या मॅडम लॅबमध्ये मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, उद्या हेच सांग, केबल हातात धरून!”

काकांना राहवेना.

“पोरी, तो पोर्ट सोमवारपासून बंद आहे. मला ठाऊक होतं, पण एवढ्या मोठ्या सरांना सांगणार कोण?”